साडेनऊ तास की तेरा? हेलसिंकी ते टोकियो, ऑक्सिजन यंत्रासह

पार्श्वभूमी

आजारी आणि वयस्कर प्रवाशांच्या लांबच्या विमानप्रवासाची आखणी करणं हे माझं काम. हे प्रकरण 2024 च्या शरद ऋतूतलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्रवासी म्हणजे 69 वर्षांच्या एक काकू, मुलाकडे हेलसिंकीत राहणाऱ्या. त्यांची मुलगी टोकियोत असते आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिचं बाळंतपण होतं. काकूंना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. घरात बसल्या-बसल्या त्यांना ऑक्सिजन लागत नाही, पण जिना चढताना आणि रात्री झोपताना लागतो.

विमानात मात्र बसून राहिलं तरी शरीर घरातल्यासारखं वागत नाही. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाइतका नसतो. जुन्या विमानांत तो 8,000 फूट उंचीवरच्या डोंगरात असतो तेवढाच राखला जातो. म्हणजे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन, जमिनीवर 21 ऐवजी 15 टक्के ऑक्सिजन असलेली हवा घ्यावी तितकाच. डॉक्टरांनी काकूंची नेमकी हीच चाचणी घेतली: 15 टक्के ऑक्सिजनची हवा, 20 मिनिटं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं टक्क्यांतलं प्रमाण, 83 वर आलं. 85 च्या खाली गेलं की विमानात ऑक्सिजन द्यावाच लागतो, त्यामुळे प्रवासभर कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र, लावून ठेवायचा असं ठरलं.

काकूंचा कॉन्सन्ट्रेटर खांद्याला अडकवून नेता येतो. तो बॅटरीवर चालतो आणि श्वास आत घेतला की नळीतून ऑक्सिजनचा छोटा झोत सोडतो. 1, 2, 3 असे त्याचे क्रमांक असतात. पुष्कळांना 2 क्रमांक म्हणजे मिनिटाला 2 लिटर असं वाटतं, ते तसं नाही. प्रत्येक यंत्राचा 2 वेगळा. काकूंसाठी बसलेलं असताना 2 आणि चालताना 3 असं डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं.

पुढचं सगळं प्रकरण ज्या नियमाभोवती फिरलं तो असा: बहुतेक विमान कंपन्या सांगतात की उड्डाणाला जेवढा वेळ लागेल त्याच्या दीडपट वेळ पुरेल एवढ्या बॅटऱ्या प्रवाशाजवळ हव्यात. सीटजवळच्या प्लगचा भरवसा धरायचा नाही. म्हणजे उड्डाणाचे तास चुकले की बॅटऱ्यांचा हिशेब चुकला.

अडचण

तिकीट 5 ऑक्टोबरचं होतं. कुटुंब माझ्याकडे आलं 26 सप्टेंबरला, तेही विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाने अर्ज परत पाठवल्यावर. उत्तर दोनच ओळींचं होतं. उड्डाणाचा कालावधी 13 तास 5 मिनिटं, म्हणून 19 तास 40 मिनिटांची सोय हवी. अर्जात 15 तासांची दाखवली आहे.

मुलगा फोनवर गोंधळलेला होता. "ताई, दोन शहरांतलं अंतर पावणेआठ-आठ हजार किलोमीटर आहे. साडेनऊ तास लागतात. हे तेरा कुठून काढले?"

त्याने हिशेब निष्काळजीपणे केला होता असं मुळीच नाही. अंतर दाखवणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन्ही शहरांची नावं टाकली, तिथे किलोमीटर आणि खाली 'अंदाजे उड्डाणवेळ' असे दोन आकडे आले. साडेनऊची दीडपट सव्वाचौदा. यंत्राच्या पत्रकात एक बॅटरी 2 क्रमांकावर 5 तास चालते असं छापलेलं, म्हणून तीन बॅटऱ्या, 15 तास. डॉक्टरांनीही त्याने सांगितलेले 'नऊ ते दहा तास' पत्रात लिहून टाकले.

मी विचारलं, तिकिटावरच्या वेळा पाहिल्या नव्हत्या का? पाहिल्या होत्या. विमान हेलसिंकीहून संध्याकाळी 5:30 ला निघणार आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 12:35 ला टोकियोत उतरणार. घड्याळाप्रमाणे 19 तास 5 मिनिटं. त्यातून वेळेचा फरक वजा करायचा. टोकियो '+9' असतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने 9 वजा केले आणि उत्तर आलं 10 तास 5 मिनिटं. संकेतस्थळाच्या आकड्याशी जुळतंय म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही. पण ते +9 ग्रीनिचपासूनचं, म्हणजे जगभराची घड्याळं जिच्यावरून मोजतात त्या प्रमाणवेळेपासूनचं. उन्हाळी वेळ चालू असताना, म्हणजे घड्याळं एक तास पुढे असताना, हेलसिंकी स्वतः +3 असतं, तेव्हा दोन शहरांतला फरक 6 तासांचा. 19 तास 5 मिनिटांतून 6 गेले की 13 तास 5 मिनिटं.

मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच वाटतं. एक चूक एकटी असती तर पकडली गेली असती. इथे दोन चुकांनी एकमेकींची साक्ष काढली.

अंतराचं गणित कुठे चुकलं

संकेतस्थळाने दिलेलं अंतर खोटं नव्हतं. हेलसिंकी ते टोकियो बृहद्वृत्तावरचं अंतर, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरचं दोन ठिकाणांमधलं कमीत कमी अंतर, सुमारे 7,830 किलोमीटर आहे. 2022 च्या फेब्रुवारीपर्यंत विमानं जवळपास याच रेषेने, सैबेरियावरून जायची आणि साडेनऊ-दहा तासांत पोहोचायची. 27 फेब्रुवारी 2022 ला युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं. दुसऱ्याच दिवशी रशियाने 36 देशांच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. पृथ्वी होती तेवढीच राहिली, मधला रस्ता गेला.

माझ्या टेबलावर एक पृथ्वीगोल असतो. काकू आणि मुलगा दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मी दोरा घेऊन बसले. हेलसिंकी आणि टोकियोवर दोन बोटं ठेवून दोरा ताणला की तो आपोआप सैबेरियावर जातो. मग काकूंनी रशियाला न शिवता दोरा फिरवून पाहिला. आधी वरून: हेलसिंकीपासून उत्तर ध्रुव 3,300 किलोमीटर. ध्रुवावरून बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे उतरायला आणखी 2,700. तिथून टोकियो 4,700, पण ती सरळ रेष रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पावरून जाते, म्हणून समुद्राकडून वळसा. सगळं मिळून 11,000 च्या वर. मग खालून: पोलंड, काळा समुद्र, जॉर्जिया, अझरबैजान, कॅस्पियन ओलांडून कझाकस्तान, पुढे चीन आणि कोरिया. तो दोराही पहिल्यापेक्षा चांगलाच लांब. काकूंनी दोऱ्याचं जास्तीचं टोक चिमटीत धरून मुलाला दाखवलं आणि म्हणाल्या, "हे बघ, एवढे तुझे साडेतीन तास."

ध्रुवावरची वाट नवी नाही हेही त्यांना सांगितलं. शीतयुद्धातही युरोपच्या विमानांना सैबेरियाचं आकाश सहजी मिळत नसे. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने 1957 मध्ये कोपनहेगन ते टोकियो विमानसेवा सुरू केली ती ध्रुवाजवळून, अलास्कातल्या अँकरेजला थांबून. 1983 मध्ये फिनएअरने मध्ये न थांबता हेलसिंकी ते टोकियो उड्डाण सुरू केलं, डीसी-10 विमानाने, ध्रुवावरून, आणि त्यालाही साधारण 13 तासच लागत. मुलाला हे ऐकून बराच धीर आला.

आपण अंतराला वेगाने भागून वेळ काढतो, पण त्यात आणखीही पुष्कळ गोष्टी सुटतात. पूर्वेकडे जाताना जेट प्रवाहाचा, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा, वारा पाठीशी असतो, परतताना तोंडावर. लांबच्या उड्डाणात त्याने तासभराचा फरक सहज पडतो. वेळापत्रकातला कालावधी जागेवरून हललेल्या विमानापासून जागेवर थांबलेल्या विमानापर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणंही आलं. यातलं काहीच दोन टिंबांमधल्या रेषेत दिसत नाही.

समोरचे पर्याय

नऊ दिवस हातात होते. थेट विमान, तेही पाच बॅटऱ्या घेऊन, हा एक मार्ग. पाच का, ते पुढे सांगते.

दुसरा मार्ग आखातातून. हेलसिंकी ते दोहा 4,400 किलोमीटर, साधारण सहा तास. दोहा ते टोकियो 8,300 किलोमीटर, दहा तासांच्या आसपास. मध्ये थांबून बॅटऱ्या चार्ज करता येतात, आणि सगळ्यात लांब टप्पा 10 तासांचा असल्यामुळे 15 तासांची सोय पुरते. मुलाला हे पटकन आवडलं, कारण त्याच्या तीन बॅटऱ्या कागदावर तरी बरोबर बसत होत्या. मला पटलं नाही. एकूण प्रवास 19-20 तासांचा होतो. दोनदा चढणं-उतरणं आलं, मोठ्या विमानतळावर मध्यरात्री लांबवर जाणं आलं. काकूंना खरा त्रास चालताना होतो, बसल्यावर नाही. शिवाय ट्रान्झिटमधल्या वेळेसाठीही बॅटरी मोजावी लागते आणि चार्जिंगची जागा मिळेलच असं नाही.

तिसरा मार्ग शांघायवरून. चिनी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद नाही, त्यामुळे हेलसिंकी ते शांघाय नऊ तासांच्या आसपास आणि पुढे टोकियो तीन तास. आकड्यांत हा सगळ्यात देखणा पर्याय होता. पण नव्या कंपनीकडे वैद्यकीय अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरायचा, तोही नऊ दिवसांत. आणि काही कारणाने विमान वाटेत उतरवावं लागलं तर आजारी आईला घेऊन सैबेरियात अडकण्याची मुलाची तयारी नव्हती. ती भीती मला रास्त वाटली.

मध्ये कुठेतरी एक रात्र मुक्काम करून जावं, असंही मी सुचवलं. काकूंनी ते एका वाक्यात निकालात काढलं: "एकदाच काय ते बसते."

निर्णय

थेट विमानच ठेवलं, पण केवळ आधीच काढलेलं तिकीट म्हणून नाही. ते विमान एअरबस ए350 होतं. या विमानात आणि बोइंग 787 मध्ये केबिनचा दाब 8,000 ऐवजी 6,000 फुटांच्या उंचीइतका ठेवता येतो. जे फुप्फुस 83 वर घसरतं त्याच्यासाठी हे 2,000 फूट फार मोलाचे आहेत. तेरा तास 6,000 फुटांवर बसणं आणि सोळा तास कोणत्या विमानात बसायला मिळेल ते नशिबावर सोडणं, यात मला पहिलं बरं वाटलं. डॉक्टरांशी बोलले, त्यांचंही तेच मत पडलं.

मग बॅटऱ्या. मुलगा म्हणाला, चार घेऊ; पाचा चोक वीस तास, नियमात बसतं. कागदावर खरंच बसत होतं. पण पत्रकातले 5 तास नव्या बॅटरीचे असतात, आणि काकूंच्या बॅटऱ्या दोन वर्षं वापरलेल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, आधी मोजून बघू. शनिवारी सकाळी काकू खुर्चीत बसल्या, नळी नाकाला लावली, यंत्र 2 वर ठेवलं आणि मुलाने स्वयंपाकघरातल्या घड्याळावरची वेळ वहीत लिहिली. मध्ये त्या दोनदा उठल्या, तेव्हा यंत्र 3 वर. 4 तास 20 मिनिटांनी यंत्र ओरडायला लागलं. दुसऱ्या बॅटरीचं उत्तरही जवळजवळ तेच आलं.

4 तास 20 मिनिटांप्रमाणे चार बॅटऱ्यांचे 17 तास 20 मिनिटं होतात. पाचांचे 21 तास 40 मिनिटं. हा क्षण सोपा नव्हता. वैद्यकीय विभाग बॅटऱ्या मोजतो, घरातलं घड्याळ तपासत नाही. चार लिहिल्या असत्या तर अर्ज मंजूर झाला असता. पण दीडपटीचा नियम कोणाच्या समाधानासाठी केलेला नाही. विमान उशिरा सुटतं, आकाशात घिरट्या घालतं, दुसऱ्याच शहरात उतरतं, त्या सगळ्या तासांसाठी तो आहे. मुलाने थोडा वेळ वहीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाच."

दोन बॅटऱ्या भाड्याने मिळाल्या. प्रत्येक बॅटरी 100 वॅट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आतली आहे ना, ते वरचं लेबल वाचून खात्री केली, कारण 100 ते 160 मधल्या असत्या तर सुट्या दोनच नेता आल्या असत्या, त्याही परवानगीने. सगळ्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांवर चिकटपट्टी लावून, वेगवेगळ्या पिशव्यांत. डॉक्टरांचं पत्र नव्याने घेतलं, त्यात 13 तास लिहिले. 1 ऑक्टोबरला मंजुरी आली.

मुलाने आणखी एक विचारलं होतं: विमान ध्रुवावरून न जाता खालच्या वाटेने जाईल असं सांगता येईल का? तिकडे उतरायला विमानतळ तरी पुष्कळ आहेत. नाही सांगता येत. त्या दिवशीचे वारे, इंधन, आकाशातली गर्दी बघून कंपनी उड्डाणाआधी काही तास मार्ग ठरवते. म्हणूनच आम्ही दोन्ही वाटा गृहीत धरून हिशेब केला.

प्रत्यक्ष प्रवास

मुलगा सोबत गेला आणि त्याने वहीत सगळ्या वेळा टिपल्या. माझ्या सांगण्यावरून वही पूर्ण प्रवासभर हेलसिंकीच्या वेळेवर ठेवली, टोकियोच्या नाही. काकूंचा इनहेलर दर बारा तासांनी असतो, आणि घड्याळ मध्येच बदललं की तो हमखास चुकतो.

विमानतळावर प्लगला लावून यंत्र चालवलं. विमानात चढल्यापासून पहिली बॅटरी. विमान पाऊण तास उशिरा हललं, त्यामुळे चढण्यापासून उड्डाणापर्यंत 1 तास 10 मिनिटं गेली. मार्ग दक्षिणेचा मिळाला. उड्डाण 12 तास 35 मिनिटांचं झालं. उतरल्यावर बाहेर पडेपर्यंत आणि पुन्हा प्लग मिळेपर्यंत 50 मिनिटं. बेरीज 14 तास 35 मिनिटं.

तीन बॅटऱ्या मिळून 12 तास 50 मिनिटं चालल्या. म्हणजे तिसरी संपून चौथी लावली तेव्हा विमान जमिनीला टेकायला अजून 55 मिनिटं होती. वहीत त्या वेळेखाली मुलाने दोन रेघा ओढल्या आहेत. त्या रेघा त्याने नंतर मला दाखवल्या, बोलला काहीच नाही.

पाचवी बॅटरी लागली नाही. खरं तर चार पुरल्या. सॅच्युरेशन बहुतेक वेळ 91 ते 94 राहिलं. फक्त पहाटेच्या झोपेत ते एकदा 87 वर गेलं, कारण काकू तोंडाने श्वास घेत होत्या आणि यंत्राला नाकातला श्वास कळतच नव्हता. मुलाने हलवून उठवलं, खुर्ची थोडी सरळ केली, दहा मिनिटांत आकडा वर आला.

बाळ 24 ऑक्टोबरला झालं. काकू तिथे होत्या.

परतीचा प्रवास

परतणं नोव्हेंबरच्या मध्यात होतं. तोपर्यंत फिनलंडमध्ये 27 ऑक्टोबरला घड्याळं एक तास मागे गेली होती आणि टोकियोशी फरक 7 तासांचा झाला होता. जपान घड्याळ बदलत नाही. या वेळी मुलाने मला फोन करण्याआधीच दोन्ही वेळा ग्रीनिचच्या वेळेत मांडून कालावधी काढला होता आणि वैद्यकीय विभागाकडून तो खरा करून घेतला होता. विमान ध्रुवावरून आलं. काकूंना खिडकीतून अंधाराशिवाय काही दिसलं नाही, याची त्यांना अजून हळहळ आहे.

आज काय वेगळं करेन

कुटुंब माझ्याकडे उशिरा आलं, पण त्यानंतरच्या माझ्याही दोन गोष्टी राहिल्या.

झोपेतला श्वास मी तपासून घेतला नाही. खुर्चीतली चाचणी जागेपणी केली. विमानात माणूस झोपणारच, आणि काकू रात्री घरी वापरत त्या मोठ्या यंत्रातून ऑक्सिजन सतत वाहत असे, श्वासाची वाट बघत नसे. हा फरक मला माहीत होता, तरी मी दोन गोष्टी जोडल्या नाहीत. आता मी प्रत्येकाला प्रवासातलंच यंत्र लावून एक रात्र घरी झोपायला सांगते, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून कोणीतरी जागं राहायचं.

दुसरं, कालावधी मी फक्त वेळापत्रकातून घेतला. त्याच क्रमांकाचं उड्डाण गेल्या दोन-तीन आठवड्यांत रोज प्रत्यक्षात किती वेळ चाललं, ते विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर सहज बघता येतं. सगळ्यात लांबलेला दिवस कोणता ते शोधून त्याची दीडपट करावी. सरासरी घेऊ नये.

डॉक्टरांच्या पत्राचं मात्र अजून माझं पक्कं ठरलेलं नाही. पत्रात तास लिहिले की अर्जाशी ताडून बघता येतं आणि चूक पकडली जाते, जशी इथे वैद्यकीय विभागाने पकडली. पण चुकीचे तास डॉक्टरांच्या सहीने आले की घरच्यांना ते खरेच वाटायला लागतात. सध्या मी पत्र घ्यायला जाण्याआधी तिकिटाची प्रत डॉक्टरांसमोर ठेवायला सांगते, दोन्ही शहरांच्या ग्रीनिच वेळा पेनाने लिहून.

आणि काकूंची फुप्फुसं थोडी आणखी थकलेली असती, चाचणीत आकडा 80 च्या खाली गेला असता, तर त्यांनी एका वाक्यात नाकारलेला मुक्कामाचा पर्याय मी इतक्या लवकर सोडला नसता.